चतुराबाईंच्या कूलरचा करंट

बार्शीटाकळीच्या दवाखान्यात चतुराबाई हयातभर आया होत्या. ओल्या फरशीवर कुणी पाय ठेवला की त्यांचा आवाज बाळंतिणींच्या वॉर्डातून थेट रस्त्यावर जायचा. "अबे पडशीन! हाड मोडलं तं कोन उचलन तुले? मी?" नवे डॉक्टरसुद्धा भिंतीला धरून चालायचे. पुढं बाई रिटायर झाल्या, नवरा मोतीराम वारला, लेक रश्मी लग्न होऊन बडनेऱ्याला गेली. घरात ओरडायला कुणी उरलं नाही. मग रश्मीनंच ते काम हाती घेतलं.

रविवार आला की रश्मी रेल्वेनं अकोल्याला आणि तिथून ऑटोनं बार्शीटाकळीला यायची. येताना आईच्या जिवासाठी काहीतरी घेऊन यायची. एकदा तिनं न्हाणीत धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली. पुढच्या खेपेला बघते तर दांडीवर परकर वाळत होते. मग पाय घसरू नये म्हणून रबराची चटई आणली. ती शेजारच्या गोदाबाईंच्या बकरीखाली सापडली.

"म्हतारी हाये ते बकरी," चतुराबाई म्हणाल्या. "पाय घसरते तिचा."

पण रश्मीला खरी धास्ती होती ती कूलरची. मोतीरामनं फार पूर्वी अकोल्याहून आणलेला तो पत्र्याचा कूलर ओसरीत, खिडकीला लावलेला होता. तो सुरू झाला की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागे. आणि तो करंट मारायचा. फार नाही, हात लागला की कोपरापर्यंत मुंग्या. चतुराबाई मात्र तो चालू ठेवूनच, अनवाणी उभ्या राहून पाईपानं पाणी भरायच्या.

"बटन बंद करून भर ना वं आई!" रश्मी फोनवर रडकुंडीला यायची.

"बंद केला की घराची भट्टी होते."

"अन् करंट?"

"त्यानंच तं माहा गुडघा मोकळा होते. डॉक्टर मशीन लावून करंट देते अन् वरून पैसे घेते. हा फुकट देऊन राहिला!"

रश्मीनं भगवंत वायरमनला पाठवून पाहिलं. चतुराबाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या पोरांची चौकशी केली आणि कूलरकडं बघू न देता वाटेला लावलं.

बुद्धपौर्णिमेला रश्मी सकाळीच आली. विहारातून आल्यावर गोदाबाई आणि रश्मी अंगणात निंबाखाली खिरीचं पातेलं घेऊन बसल्या. गल्लीभर वाटायची होती. ऊन असं की ऑटोवाला परत जायला तयार नव्हता. ऑटो दारात लावून तो सावलीला पेंगत होता. चतुराबाईंनी नुकतंच कूलरमध्ये पाणी भरलं होतं. टाकीतून ओघळून खाली थारोळं साचलं, आणि गोदाबाईंची बकरी तिथं पाणी प्यायला गेली. पाणी पिऊन झालं. मग तिनं थंडगार पत्रा चाटला.

पुढचं कुणालाच नीट सांगता येत नाही. बकरी ओरडली ती बकरीसारखी नव्हे. चारी पाय ताठ करून ती उडाली, खिरीच्या पातेल्यावरून गेली, गोदाबाईंच्या डोक्यावरचा पदर शिंगात घेऊन गेली आणि ऑटोच्या टपावर जाऊन उभी राहिली. ऑटोवाला झोपेतून उठून "भूकंप! भूकंप!" करत रस्त्यावर पळाला.

"अवं माय, माही बकरी!" गोदाबाई धावल्या. गाजर दाखवलं, खीर दाखवली. बकरी खाली उतरेना. ती नुसती थरथरत कूलरकडं बघत होती.

रश्मीला हसूही येत होतं आणि रडूही. तिनं धावत आत जाऊन बटन बंद केलं, पिन उपसली आणि आता आईला चांगलंच सुनवायचं म्हणून वळली. चतुराबाई उंबरठ्यावर बसल्या होत्या. पाय ओलेच होते.

"हिचा गुडघा तं नव्हता दुखत," त्या हळूच म्हणाल्या.

मग ओल्या पायांकडं बघत बोलल्या. "शेतातल्या मोटरीवर चिपकलेला मानूस आनला होता एकदा दवाखान्यात. म्याच चादर टाकली त्याच्यावर. मले मालूम होतं वं रश्मे, करंट काय असते ते. पन वाटे, आपला कूलर हाये. आपल्याले कायले मारन?"

रश्मीचं सुनवायचं राहून गेलं. ती आईजवळ बसली आणि आपल्या ओढणीनं तिचे पाय पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी भगवंत आला. "मोटरीची वायर पत्र्याले घासून सोलली हाये, मावशी. अन् या पिनाचा तिसरा पाय कुठी गेला?"

"ह्यायनं तोडला होता, रश्मीच्या बापानं. सॉकेटात बसत नव्हता."

"तोच तं जीव वाचवते!"

भगवंतनं वायर बदलली, नवी पिन लावली, घरामागं खड्डा खणून अर्थिंग केलं आणि करंट गळला की आपोआप पडणारं बटन बोर्डात बसवलं. चतुराबाई खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. काम संपलं तसा त्यांनी पदर खोचला. "चाल आता गोदाबाईकडे. तिचाबी कूलर पाह्य."

त्या उन्हाळ्यात गल्लीला पुन्हा दवाखान्यातला आवाज ऐकू आला. "चप्पल घाल! पिन काढ आधी, मंग पानी भर! ओला हात पुस!" चतुराबाई वळणावर दिसल्या की लोक आधी पायात काहीतरी घालत आणि मगच "जयभीम" म्हणत.

आडवे गेले ते एकटे नत्थुजी. गल्लीच्या टोकाला राहणारा, कानानं कमी ऐकणारा हा म्हातारा दिवसभर बनियनवर कूलरला खेटून बाजेवर पडलेला असे.

"माहा कूलर हाये, माहा करंट हाये!" नत्थुजी गरजले. "तुले काय करा लागते?"

"तुमी मेले तं चादर कोन टाकन? मले नाई होत आता ते काम!"

चतुराबाईंनी सरळ पिन उपसली, वायरीसकट कमरेला खोचली आणि त्यांच्याच दारात फतकल मारून बसल्या. भगवंत येईपर्यंत नत्थुजी घामानं निथळत शिव्या देत होते आणि चतुराबाई त्यांना पदरानं वारा घालत होत्या.

पुढच्या रविवारी रश्मी आली तेव्हा घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलर घोंघावत होता. त्याच्यासमोर, पण हातभर लांब, नत्थुजींची बाज टाकलेली. खाली चटईवर चतुराबाई आणि गोदाबाई लवंडलेल्या.

"हे इथं कसे?" रश्मीनं विचारलं.

"रोज येते भांडाले," चतुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "म्हनते, भगवंतानं करंट काढला तशी माह्या कूलरची थंडीबी गेली."

"गेलीच!" बाजेवरून नत्थुजी ओरडले. त्यांना नेमकं तेवढंच ऐकू आलं होतं.