गोलपोस्टचा टेकू
परवा मुलीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करायला बुधवार पेठेत गेलो आणि त्या गरम प्लॅस्टिकच्या वासाने एक जुना अंक आठवला. सॉफ्टवेअर कंपनीत नवा होतो, तेव्हा आमच्याकडे फुटबॉलची लीग असायची. कप्तान आळीपाळीने आपापले खेळाडू निवडायचे आणि त्या निवडींची खिल्ली कंपनीच्या इंग्रजी मासिकात मी उडवायचो. लोक आधी माझंच पान उघडायचे, त्यामुळे मी भलताच चढलो होतो. त्या वर्षी सगळ्यात शेवटी निवडला गेला यवतमाळकडचा एक बुजरा टेस्टर. त्याच्या फोटोखाली मी लिहिलं, ‘गोलपोस्टला टेकू हवाच होता.’ ऑफिसभर हशा पिकला. दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. वाटलं, आता भांडणार. “भाऊ, अजून एक अंक भेटेल का? लॅमिनेट करून आईले पाठवतो. पहिल्यांदाच फोटो छापून आला माझा.” मी चाचरत म्हटलं, “अहो, पण खाली लिहिलंय ते...” “वाचलं ना,” तो शांतपणे म्हणाला, “पण आईले इंग्रजी कुठं येते?” मी अंक दिला, माफी मागितली नाही. लॅमिनेट केलेला कागद वर्षानुवर्षं टिकतो, आणि आता त्या घरात इंग्रजी वाचणारी नातवंडं असतील.