विहीणबाई उठेनात

आमच्याकडे मुलाकडची विहीण रुसली नाही तर लग्न लागल्यासारखंच वाटत नाही. माझ्या पोरीच्या लग्नात विहीणबाई रुसल्याच नाहीत. तेव्हापासून माझी नणंद वाट पाहून राहिली होती. म्हणे, आज ना उद्या रुसतीलच.

नातवाचं बारसं आमच्या गावी, अड्याळले, घरीच होतं. विहीणबाई भंडाऱ्याहून आल्या. छातीच्या कॅन्सरचं त्यांचं ऑपरेशन मागेच झालं होतं. अधूनमधून रक्त तपासून घ्यायच्या, आणि त्यातला ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची चाहूल देणारा आकडा, हद्दीत आला की मले फोन यायचा, “पास झाली वो.” मी विचारायची, “मंग पेढे कुठी आहेत?”

बारशाची पंगत उठली. बाया हात धुवाले गेल्या. विहीणबाई सतरंजीवरच बसून.

“उठा ना.”

“उठते. तुम्ही जा.”

“काही चुकलं काय?”

“काही नाही.”

आता या ‘काही नाही’चा अर्थ आमच्याकडे लेकराले बी समजते. नणंदेनं लगेच जाहीर केलं, विहीणबाई रुसल्या. तिचा जीव एकदाचा भांड्यात पडला.

आमच्या ह्यांनी येऊन हात जोडले. कशाची माफी मागून राहिले ते कोणालेच माहीत नव्हतं. भाजी खारट झाली असन म्हणून आचाऱ्याले बोलावलं. मी साडी आणली. त्यांनी मांडीवर घेतली, पण उठल्या नाहीत. नणंद कानाशी लागली, “रंग पसंत नसन.” मग माझी ठेवणीतली रेशमी साडी काढली. ती बी मांडीवर गेली. आता माझं डोकं सटकलं. खाली वाकून दात खात म्हटलं, “आता काय घर लिहून देऊ?”

त्यांनी माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाल्या, “उठताच येऊन नाही राहिलं वो. कमरेतलं हाड ठणकते. लय दिवस झाले.”

“मंग सांगाले काय झालं होतं?”

“बारशात त्या रोगाचं नाव काढू काय? रुसली म्हणू द्या.”

मी आणि पोरीनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मी मोठ्यानं म्हटलं, “मानल्या एकदाच्या.” सगळ्या हसल्या. रेशमी साडी काही परत आली नाही.

पुढच्या तपासणीत मार्कर चांगलाच चढला. डॉक्टर म्हणाले, नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, धूर दिसला म्हणजे कोणाची चूल पेटली ते कळत नाही. पण हाड बी दुखते म्हणता, तर हाडांचा स्कॅन करून घ्या. आम्ही नागपूरले गेलो. तिथं सुई टोचली आणि पाणी प्या, पाणी प्या म्हणून मागे लागले. विहीणबाई म्हणाल्या, “इतक्या आग्रहानं तर तुम्ही बारशात बी वाढलं नाही.” मी म्हटलं, मशीनमधून निघा, मग पाहते तुमच्याकडे.

रिपोर्ट आला. छातीचा कॅन्सर कमरेच्या हाडात उतरला होता. डॉक्टर म्हणाले, आता पुरता जाणार नाही. पण गोळ्या आहेत, हाडांसाठी इंजेक्शन आहे, दाबून ठेवता येते. जावई, म्हणजे त्यांचाच पोरगा, तोंड फिरवून ऑटो पाहाले गेला.

“चला,” मी म्हटलं.

विहीणबाई बाकावरून उठल्या नाहीत.

“दुखून राहिलं काय?”

“नाही.”

“मंग काय झालं?”

“भेव लागते वो मले.”

इतक्या वर्षांत मुलीकडची म्हणून मी त्यांच्या बरोबरीनं कधी बसली नव्हती. तेव्हा बसली, अगदी खेटून. म्हटलं, “मले तुमच्याहून जास्त लागते. तुम्ही गेल्या तर मी भांडू कोणासंग?”

तेवढ्यात वॉचमन आला. “रिपोर्ट भेटला ना? उठा मंग, जागा खाली करा.”

“उठते,” विहीणबाई म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसूनच राहिल्या.