लग्न होऊन मयत

पित्ताशयात खडे निघाले तेव्हा मी फारशी घाबरले नव्हते. ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं, कंपनीनेही कुरकुर न करता रजा दिली होती. पिंपरीच्या हॉस्पिटलात योजनेच्या खिडकीवरच्या मुलीने माझं रेशनकार्ड तपासलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, यात तुम्हाला मयत दाखवतंय."

"मग आत्ता बोलतंय कोण?"

माझा आवाज मुळात मोठा, त्यात चाकणला मशिनींच्या आवाजावर ओरडून तो आणखी चढलेला. सगळी रांग वळून बघायला लागली. पण ती मुलगी तरी काय करणार? मेलेल्या बाईच्या ऑपरेशनला मंजुरी मिळत नाही. इकडे पोटात कळ अशी उठायची की जिवंत असल्याची मला पुरेपूर खात्री पटायची.

दुसऱ्या दिवशी रेशनिंगचं ऑफिस गाठलं, तेही भांडायच्या तयारीने. तिथला ऑपरेटर मात्र शांत निघाला.

"ताई, लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून तुमचं नाव कमी केलं असणार. जुन्या प्रोग्रॅममध्ये नाव कमी करायला एकच कारण होतं, मयत. लग्नाची सोयच नव्हती. मग सासरी गेलेल्या पोरी पण त्यातच टाकायचे. तेव्हा एक कार्ड दुसऱ्याला जोडलेलं नव्हतं, म्हणून खपून गेलं. आता नवीन सिस्टीममध्ये सगळं आधारवरून एकत्र आलं ना!"

म्हणजे आमच्या भागातल्या कितीतरी लेकी सासरी भाकऱ्या थापत होत्या, शिफ्ट करत होत्या आणि सरकारदरबारी केव्हाच वारल्या होत्या. मला संताप आला आणि हसूही आवरेना. दुरुस्तीला उपाय एकच होता. माहेरच्या कुटुंबप्रमुखाने समक्ष येऊन मी हयात असल्याचं सांगायचं.

कुटुंबप्रमुख म्हणजे आमचे आबा. मी निरोप देताच ते धुतलेली टोपी घालून गावाहून आले.

"आजोबा, ही तुमची मुलगी?" ऑपरेटरने विचारलं.

"व्हय, माझीच हाय."

"हयात आहे?"

"म्होरं बसलीय की तुमच्या!"

मी हसले. आबा हसले नाहीत. ऑपरेटरने मला जिवंत केलं आणि माहेरच्या कार्डावरून नाव कमी करायचं खरं कारण निवडायला यादी उघडली. तिच्यात आता 'विवाह' होतं. आबांनी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग म्हणाले, "आणखी एकदा वाचा."

त्याने वाचलं.

"तवा बी मी लगीनच सांगितलं व्हतं," आबा म्हणाले. "तवाचा कारकून म्हनला, कॉम्प्युटरात लगीन न्हाई, मयतच टाकावं लागंल. न्हाई तर पोरीचं नाव सासरच्या कार्डावर चढायचं न्हाई. मग म्हनलो, टाका."

मी पाण्याची बाटली उघडून आबांपुढे धरली.

थोड्या वेळाने हॉस्पिटलातून फोन आला. कार्ड चालू दिसत होतं, मंजुरीही मिळाली होती. माझा जीव भांड्यात पडला. मी बाकावर बसून पोटभर रडले आणि नवऱ्याला फोन लावला. आबा उठून चप्पल शोधायला लागले.

"जेवून जा की आबा, घाई काय आहे?"

"तुझ्या आईला हे कधी सांगितलंच न्हाई मी," ते म्हणाले. "सांगायला तोंडच नव्हतं. आता जाऊन सांगतो."