उपकेंद्रातली भुरी

साहेबांची जीप गेटमधून आत आली तेव्हा भुरी कुत्री मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या सावलीत पाय पसरून झोपली होती. लपवायला वेळच मिळाला नाही.

"वानखेडे, हे काय पाळलंय तुम्ही?"

"पाळली नाही साहेब. आली."

"यार्डात जनावर चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"

सांगायची गरज नव्हती. माझी सगळी नोकरी वीज कंपनीच्या उपकेंद्रांत ऑपरेटर म्हणून गेली. केळझरच्या बाजूचं हे उपकेंद्र शेवटचं. उपकेंद्र म्हणजे जिथे मोठ्या लाईनचं तेहतीस हजार व्होल्ट येतं, ते अकरा हजारांवर उतरतं आणि वेगवेगळ्या गावांकडे जातं. गावाकडे जाणाऱ्या प्रत्येक लाईनला आम्ही फीडर म्हणतो. हा सगळा पसारा ज्या उघड्या जागेत असतो ते यार्ड. तिथे खाली गिट्टी पसरलेली असते, ती शोभेसाठी नाही. काही बिघाड झाला तर जमिनीतून माणसाच्या पायात करंट येऊ नये म्हणून. अशा जागी मांजर किंवा माकड नको तिथे चढलं की फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. गावं अंधारात जातात. जनावराचं काय होतं ते मी अनेकदा उचलून टाकलं आहे.

भुरी हायवेवर कुठल्यातरी गाडीचा धक्का लागून लंगडत आली होती. कुंपणाखाली पाण्याने खचलेल्या जागेतून आत शिरली. मी डब्यातली अर्धी पोळी टाकली. पाय बरा झाला तरी ती गेली नाही. मी रीडिंग घ्यायला निघालो की मागे मागे यायची. एकदा खारीच्या मागे धावत कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या उपकरणांच्या, जाळीपर्यंत पोचली. मी ओरडलो म्हणून थांबली. त्या दिवशी मी कुंपणाखालची जागा बुजवली, पण मग ती गेटमधून येऊ लागली.

"आठवडाभरात बाहेर काढा," साहेब म्हणाले. "नाहीतर मी तिला गाडीत घालून लांब जंगलात सोडायला लावीन."

आमचा हा इंजिनीअर साहेब वाईट माणूस नव्हता. वयाने माझ्या मुलाएवढा. यार्डात काही झालं तर उत्तर त्यालाच द्यावं लागणार होतं.

सिंदी मेघेला माझ्या घरी नेणं शक्य नव्हतं. बायकोला दमा. हायवेवरच्या ढाबेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "कुत्रा असता तं ठेवला असता. कुत्री काऊन ठेवू? पिल्लं कोण सांभाळीन?" म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन तिचं ऑपरेशन करून आणलं. तरी कोणी तयार होईना.

मग उईके काका आले. ते शेतीची लाईन या आठवड्यात दिवसा की रात्री, हे विचारायला अधूनमधून सायकलवर यायचे. पूर्वी जंगलखात्यात मजुरी केलेला गोंड माणूस. आता नवराबायको जंगलाच्या कडेला स्वतःच्या लहानशा शेतात राहत होते. त्यांचं आधीचं कुत्रं बिबट्याने नेलं होतं.

"कोणाची हाय हे?" त्यांनी भुरीकडे पाहत विचारलं.

"कोणाचीच नाही."

"मंग मले द्या ना, भाऊ."

"हिलाही बिबट्याने नेलं तर?"

"रातच्याले घरात झोपवतो. दार लावून. ते चूक एकदाच होते माणसाची."

भुरीला घेऊन मी स्वतः मोटरसायकलवर त्यांच्यामागे जाऊन घर पाहून आलो. काकूंनी चुलीजवळ पोतं अंथरलं. भुरीने ते हुंगलं आणि त्यावर बसली. मी निघालो तेव्हा तिने फक्त मान वर करून पाहिलं. सुटलो, असं वाटलं मला. थोडं वाईटही वाटलं.

सुट्टीच्या दिवशी कधीतरी चक्कर मारायचो. काका-काकू तिच्याशी गोंडीत बोलायचे. पावसाळा सरेपर्यंत तिला मराठीपेक्षा गोंडी जास्त कळू लागली होती.

हरभरा घाटे धरत होता तेव्हाची गोष्ट. माझी सकाळची पहिली शिफ्ट. शेतीच्या फीडरचा सप्लाय त्या आठवड्यात रात्रीचा होता, तो अजून बंद व्हायचा होता. काकांचा फोन आला.

"भाऊ, भुरी उठून नाई राह्यली."

"काय झालं? कुठे आहे?"

"माधवच्या धुऱ्यावर. ताराजवळ आडवी पडली. मी तिले उचलून आणतो अन् मंग..."

"काका, हात लावू नका! कसली तार?"

"डुकरासाठी बांधली ना त्यानं."

"मागे व्हा. काकूंनाही येऊ देऊ नका. कोणीही जवळ जायचं नाही. ऐकलं का?"

"हो, हो. काऊन पण?"

मी थेट पॅनलकडे गेलो. पॅनल म्हणजे प्रत्येक फीडरचे मीटर आणि स्विच असलेलं कपाट. शेतीच्या फीडरचा स्विच फिरवला. बाहेर यार्डात लाईन तोडणारा ब्रेकर दणकन उघडला. सगळ्या शिवारातले पंप बंद पडले. मग साहेबांना फोन केला.

"कोणाला विचारून बंद केलं?"

"विचारायला वेळ नव्हता साहेब. कुंपणात करंट सोडलाय. कुत्री गेली, माणूस जवळ उभा आहे."

"मी लाईनमन घेऊन निघतो. माझा फोन येईपर्यंत चालू करू नका."

धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि माधव म्हणजे काकांच्या शेजारचा शेतकरी. त्याने खांबावरच्या तारांना आकडा टाकून शेताभोवतीच्या उघड्या तारेत करंट सोडला होता. लोक मला विचारतात, तुम्हाला उपकेंद्रात कळलं कसं नाही? कळत नाही. अकरा हजारांच्या लाईनवरची मोठी गडबड आमचा रिले पकडतो, म्हणजे बिघाड ओळखून फीडर बंद करणारं उपकरण. शेतातल्या खांबावरून एका तारेत गेलेला करंट त्याला एखाद्या छोट्या पंपाएवढाही वाटत नाही. भुरी मेली तेव्हा माझ्यासमोर मीटरचा काटा हलला नव्हता.

शिफ्ट संपल्यावर गेलो. तिच्या छातीवर काळा पट्टा होता, बाकी झोपल्यासारखी.

"रोज मीच पुढं रायतो," काका म्हणाले. "नाल्याकडं जायची वाट हेच. आज ते पुढं पळाली."

माधव कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. "रोज उजाडाच्या आधी काढतो मी आकडा," तो म्हणाला. "आज डोळा लागला. डुकरं सारा चना खाऊन राह्यले, आमी काय कराव?"

तार जप्त झाली. केस झाली. पोलिसांनी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं.

बांधाला लागून खड्डा त्यांनी स्वतः खोदला. मला फावडं धरू दिलं नाही. माती लोटताना ते तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलत होते. काय ते मी विचारलं नाही.

पुढे माधवच्या घरच्यांनी काकांना आपल्या विहिरीवर यायची बंदी केली. उन्हाळ्यात काकू डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या हातपंपावर जायच्या. पुढच्या हंगामात शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, देऊन दोघं पवनारला मुलीकडे गेले. एकदा भेटायला गेलो, तेव्हा एक पिल्लू आणून देऊ का विचारलं.

"नको, भाऊ," काकू म्हणाल्या. "इथं राखाले काय हाय?"

निवृत्त होण्याआधी नव्या ऑपरेटरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांना मी एवढंच सांगायचो: पॅनलवर सगळं नॉर्मल आहे याचा अर्थ पॅनलवर सगळं नॉर्मल आहे. शेतात काय चाललंय ते फोन आल्यावरच कळतं, म्हणून फोन उचलत जा.