गुटूजवळ बसणारे देवरेनाना

देवरेनानांची आणि माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. माझ्या हातात पिंजरा होता, त्यावर ओढणी टाकलेली. विचारणं नाही, सवरणं नाही, नानांनी ओढणीचं टोक उचललं आणि वाकून आत बघितलं.

"उंदीर शे का हा?"

"देगू आहे. दक्षिण अमेरिकेतला प्राणी. माझ्या मुलीने पाळलाय."

"असू दे. पण याच्या पुढच्या पायांचे केस कुठं गेले?"

तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आलं, दार उघडलं, मिटलं. नाना उतरलेच नाहीत. माझ्याबरोबर थेट पाचव्या मजल्यावर आले.

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत ते मुलाकडे राहत. सगळी नोकरी सटाणा आणि कळवण भागातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात झाली होती. ते डॉक्टर नव्हते. डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, वाड्यावस्त्यांवर फिरायचं, हे त्यांचं काम. कोणी डॉक्टर म्हटलं की लगेच दुरुस्ती करत, "डॉक्टर नाय हो. नाना."

गुटू आणि मिनी ही देगूंची जोडी माझ्या मुलीची, मुग्धाची. खारीपेक्षा जरा मोठे, गोल कानांचे, शेपटीच्या टोकाला झुपका असलेले. मुग्धा शिकायला कॅनडात गेली आणि पिंजरा माझ्याकडे आला. थंडीत मिनी दोन दिवसांच्या आजाराने गेली. त्यानंतर पंधरवड्यात गुटूने स्वतःचे केस कुरतडायला सुरुवात केली. आधी पुढचे पंजे, मग कोपरापर्यंत, मग एक कूस. खाली गुलाबी कातडी दिसू लागली. त्या दिवशी मी त्याला दवाखान्यातूनच आणत होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं होतं, "किडे नाहीत, बुरशी नाही. हा स्वतःच करतोय. का करतोय, ते घरीच शोधावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना जेवून आले, पिंजऱ्यासमोर प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. हातात जुन्या कॅलेंडरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला. मी चहा विचारला तर बोटानेच गप्प केलं. पाच वाजता उठले. असं सलग सहा दिवस. माझ्या नवऱ्याला हा प्रकार विचित्र वाटला. "औषध देणार आहेत की नुसतं बघणार आहेत?" त्याने मला स्वयंपाकघरात विचारलं. ते नानांना ऐकू गेलं असावं. जाताना म्हणाले, "साहेब, जनावर तोंडानं सांगत नाय. त्याला सांगायला येळ लागतो."

सातव्या दिवशी त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मिक्सर लागला की गुटू कुरतडतो. कुकरची शिट्टी झाली की कुरतडतो. पण सगळ्यात जास्त झोपेतून उठल्यावर. "उठला की आधी त्या कोपऱ्यात जातो. वास घेतो. तिथं कोणी नाय. मग पाय कुरतडायला लागतो. ही जात एकमेकांचे केस साफ करणारी दिसते ताई. दुसरी राहिली नाय, म्हणून स्वतःचेच करत बसतो."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातातल्या वाटीकडे गेली. गुटूची कीव येऊन मी त्याला रोज मनुके देत होते. नाशकात मनुक्यांना काय तोटा! नानांनी वाटी काढून घेतली. "गोड याला चालतं का, ते पोरीला विचारलं का?"

विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मुग्धाला मी काहीच कळू दिलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर गुटूचं फक्त तोंड दाखवायचे, पाय टॉवेलखाली. परीक्षेच्या दिवसांत तिला कशाला त्रास, असं स्वतःला समजावत होते. नानांना ते पटलं नाही. "जनावर तिचं शे. लपवून काय करता?" त्या संध्याकाळी त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि कॅमेरा सरळ त्या उघड्या पायांवर धरला. मुग्धाने ते पाय बघितले. मग रडत म्हणाली, "आई, मनुके देऊ नकोस, त्यांना साखर पचत नाही, मी लिहून ठेवलं होतं ना!" मी नानांवर चिडले. नाना मात्र फोनवर तिच्याशी तासभर बोलत होते, तिचं ऐकून कागदावर लिहीत होते.

मुग्धानेच पुण्यातलं एक कुटुंब शोधलं. त्यांच्याकडे एक देगू एकटाच उरला होता. त्याला आणायला नाना एसटीने गेले. वय शहात्तर. येताना सगळी वाट टोपली मांडीवर. "कंडक्टर म्हणे, काय आहे हे? म्हटलं, पाहुणा शे."

पाहुण्याला आणि गुटूला लगेच एकत्र ठेवायचं नव्हतं. दोन पिंजरे शेजारी, रोज याचं गवत त्यात, त्याचं यात. पिंजरा आतल्या खोलीत, मिक्सरपासून लांब. बाराव्या दिवशी बाथरूममध्ये दोघांना सोडलं तर जुंपली, पाहुण्याच्या कानातून रक्त आलं. मी घाबरून म्हटलं, "राहू द्या, परत पाठवू." नानांनी दोघांना टॉवेलने वेगळं केलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून करू." केलं. महिन्याभराने दोघं एका पिंजऱ्यात झोपले. पाहुणा गुटूची मान दातांनी हलके विंचरत होता आणि गुटू डोळे मिटून बसला होता.

कुशीवरचे केस आले. पुढच्या पायांचे मात्र पुरते आलेच नाहीत. मला वाईट वाटायचं. नाना म्हणायचे, "नाय आले तर नाय. झोपतो ना आता?"

दिवाळीनंतर त्यांच्या मुलाची बदली झाली आणि नाना सटाण्याजवळ त्यांच्या गावी राहायला गेले. फोनवर आधी गुटूची चौकशी, मग माझी. फाल्गुनात मुलाचा फोन आला. नाना सकाळी चहा घेताना गेले होते.

दहाव्याला मी आणि माझा नवरा गेलो. ओट्यावर कळवणकडची एक नव्वदीपलीकडची म्हातारी बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला जवळ बसवून घेतलं.

"मनी एक गाय व्हती, माझी सोताची," ती म्हणाली. "वासरू मेलं आन् ती आपलंच अंग चाटायला लागली. चाटून चाटून कातडं सोललं. नाना तव्हा नोकरीत नवा व्हता. रोज सायकलवर यायचा, मलम लावायचा, जायचा. महिनाभर. गाय मरी गई."

ती पुढे सांगू लागली.

"मेली त्या दिवशी नाना गोठ्यात बसून रडला. म्हणे, आई, मी मलम लावत राहिलो, तिच्याकडं बघितलंच नाय. मी म्हटलं, लेकरा, मलम कोणी तरी लावायला आलं, हेच लय झालं. त्याला काही ते पटलं नाय."

नानांनी ही गाय मला कधी सांगितली नव्हती. त्यांच्या मुलालाही ती ठाऊक नव्हती. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. मग आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.