अंगठेबहाद्दराची पोर

शगुफ्ताची आठवण निघाली की मला अजून राग येतो; अध्यक्षांचा तर येतोच, पण त्याहून माझा स्वतःचा. भोरच्या एका संस्थेच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी कारकून होतो, ती शिकवायला होती. कामथडीला हायवेवर पंक्चर काढणाऱ्या अय्युबभाईंची मुलगी. रोज एसटीने यायची, दांडी कधी नाही.

२००६ सालच्या परीक्षेला आठ दिवस असताना क्लासचे सगळे कॉम्प्युटर व्हायरसने बसले. मुलांची वर्षभराची कामं पुसली गेली. व्हायरस टायपिंगच्या प्रोग्राममधून आला आणि तो शगुफ्ताच्या सीडीवरून भरला, असं ठरवून अध्यक्ष रखमाजीरावांनी खापर तिच्यावर फोडलं. त्याच प्रोग्रामची दुसरी सीडी त्यांचे जावई धनाजीराव यांनी दिली होती आणि तीही भरली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण जावयाचं नाव कोण घेणार? तिला काढून टाकल्याचं पत्र मीच टाईप केलं.

ती संस्थेच्या सभेत दोन्ही सीड्या घेऊन आली. म्हणाली, माणसासारखा प्रत्येक फाईललाही अंगठा असतो, कॉम्प्युटरने काढून दिलेला, बत्तीस अक्षरांचा. नाव तेच ठेवून आत एवढंसं जरी बदललं, तरी अंगठा पार वेगळा उमटतो. खऱ्या फाईलचा अंगठा कंपनीने जाहीर केलेला असतो. तो तिने कागदावर उतरवून आणला होता.

"अंगठेबहाद्दराची पोर आमाला अंगठा शिकवती," रखमाजीराव म्हणाले. सगळे हसले. दाराबाहेर बाकावर बसलेल्या अय्युबभाईंनी ते ऐकलं.

शगुफ्ताने आपली सीडी घातली आणि पडद्यावरची अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. बत्तीसच्या बत्तीस जुळली. मग जावयाची सीडी. फाईलचं नाव तेच, पण पहिल्याच अक्षराला गाडी अडली.

मग अध्यक्षांनी तोडगा काढला. तांत्रिक बिघाड झाला, दोष कुणाचाच नाही, असं लिहायचं. तिने सही करायची आणि उद्यापासून कामावर यायचं. मी निर्लज्जासारखं तेही टाईप केलं.

तिने ती ओळ खोडली. खाली दोन्ही सीड्यांचे अंगठे लिहिले, कुठली सीडी कुणाची तेही. मग माझं स्टॅम्पपॅड ओढून सहीच्या जागी स्वतःचा अंगठा उठवला.

"सही कुणीबी मारंल माझ्या नावाची," ती म्हणाली. "ह्यो माझ्या अब्बांचा धडा हाय. बदलून दावा."

वडिलांना घेऊन ती गेली, परत आली नाही. कागद फाडून नवा टाईप कर, असं रखमाजीरावांनी मला सांगितलं. मी तिच्या अंगठ्याच्या त्याच कागदावर आवक क्रमांक टाकला आणि तो फाईलला लावला.