सिंधु मॅडमची अनियमित क्रियापदं

लातुरात सिंधुच्या इटालियनच्या वर्गात कुणी अडत नसे. अडायला सवडच मिळत नसे. मुलगा थबकला, त्याने डोळे छताकडे नेले, की शब्द मॅडमच्या तोंडून आलेला असे. मुलगा तो उचली आणि पुढे जाई.

'जाणे' हे तिथलं पहिलं क्रियापद. मी वादो, तू वाई, तो वा. मग अचानक आम्ही आंद्यामो, तुम्ही आंदाते, आणि पुन्हा ते वान्नो. एकाच घरातली माणसं, पण एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. भविष्यकाळात आणखी वेगळी, 'गेलो असतो तर' म्हणताना आणखी वेगळी. सिंधु एक रूप म्हणे, वर्ग मागून म्हणे. खालच्या मजल्यावर फिजिक्सचे सर हसून म्हणायचे, वरची आरती सुरू झाली.

क्लास अनंतरावांचा. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत दोनदा-तीनदा मागे राहिलेली मुलं त्यांनी हेरली आणि इटलीला डॉक्टरकीला पाठवायची बॅच काढली. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी नांदेडलाही शाखा निघाली. आठवडाभर लातूर आणि शनिवार-रविवार नांदेड, असा सिंधुचा क्रम झाला. एस्टीत लोह्याच्या पुढे तिला झोप लागे. तेवढीच.

पहिल्या दिवशी ती मुलांना सांगायची, "नियमित क्रियापदं तुमची तुम्ही करा. एक आलं की शंभर येतात. अनियमित मी सांगत जाईन. ती डोकं चालवून निघत नाहीत. कुणीतरी सांगावीच लागतात."

मुलांना वाटे, ही शिकवायची पद्धत आहे. ती पद्धत नव्हती.

सिंधुचं गाव किल्लारीच्या बाजूला होतं. दगडमातीची जाड भिंत, वर माळवद. दिवेलागणीला तिचे वडील व्यंकटी दोन्ही लेकरांना पाढ्यांचा परवचा म्हणायला बसवत. सिंधु दहा वर्षांची, हरिओम सातचा. ती एक ओळ म्हणे, तो पुढची. जो अडेल त्याला सांगायचं नाही, हा वडिलांचा कायदा. "सांगितलेलं टिकत न्हाई," ते म्हणत. "ज्याचं त्यानं आठवावं. बाकीच्यानं गप बसावं." हरिओम अडला की भिंतीकडे बघत बसे. सगळं घर थांबे. आईही तव्यावरची भाकरी उलटताना आवाज करत नसे. मग कधीतरी त्याचं त्याला आठवे, आणि तो असा हसे की जणू त्यानेच तो आकडा बनवला.

त्या गणपतीत, विसर्जनानंतरच्या पहाटे, माळवद खाली आलं.

सिंधुच्या अंगावर लाकडी तुळई आडवी पडली होती, म्हणून ती वाचली. हरिओम तिला दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. आई-वडिलांचा आवाज नव्हता. हरिओम रडत होता. तिला दुसरं काही सुचलं नाही. तिने पाढे सुरू केले. ती एक ओळ, तो पुढची. त्याचं रडणं थांबलं. बाराचा झाला, पंधराचा झाला. सतराला तो अडकायचाच. तिने सतरा सख म्हटलं आणि थांबली. सतरा सत्ते त्याने म्हणायचं होतं.

तो बोलला नाही.

ती थांबली. कायदाच तसा होता. एकदा ती चिडलीसुद्धा, "म्हण की, हऱ्या." मग पुन्हा थांबली. आकडा तिच्या जिभेवर होता. तिने तो सांगितला नाही.

दिवस वर आल्यावर गावातला गुंडप्पा आणि आणखी दोघे तिच्यापर्यंत पोचले. तिला बाहेर ओढताना गुंडप्पाने विचारलं, आत आणखी कोण हाय का. ती म्हणाली, "हरिओम व्हता. आता बोलत न्हाई." गुंडप्पाने ढिगाऱ्यात तोंड घालून हाक मारली. उत्तर आलं नाही. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडत होतं. ते तिकडे पळाले. हरिओमला संध्याकाळी काढलं.

भूकंपानंतरच्या छावणीत एक इटालियन नर्स होती. ती जखम धुताना सारखी बोलत राही. काय बोलते ते कळत नसे, पण तिला उत्तर नको असे. सिंधुला ते फार बरं वाटलं. पुढे मुरुडच्या मावशीने तिला पुण्याला वसतिगृहात घातलं, तिथे तिने ती भाषा शोधून काढली. पाढे मात्र तिने पुन्हा म्हटले नाहीत. दुकानात हिशेब करायची वेळ आली तर ती समोरच्याला करू देई. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर ती हसून विषय बदले. या गोष्टी तिने फार थोड्यांना सांगितल्या, त्याही एखादा पत्ता सांगावा तशा.

मग ऋतुजा नापास झाली.

ऋतुजा जळकोटची. वडील तिथे शिक्षक. लातुरात दोन वर्षं रिपीट करून तिसऱ्या वर्षी ती इटलीच्या बॅचला आली होती. वर्गात सगळ्यांत पुढे. अनंतरावांनी निवडलेल्या विद्यापीठाला भाषेचं प्रमाणपत्र लागत होतं. लेखी ती सहज निघाली, मुंबईच्या तोंडी परीक्षेत अडकली. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर वडील फार्मसीला घालणार होते, आणि विषय संपणार होता.

मुंबईहून आल्यावर ती वर्ग सुटायची वाट बघत जिन्यात बसून राहिली. सिंधु बाहेर आली तेव्हा उठली.

"मॅडम, राग नका मानू. एक बोलू?"

"बोल."

"तिथं मी अडले आन् परीक्षक बाईंच्या तोंडाकडं बघत बसले. मला वाटलं, त्या सांगताल." तिला हसू आलं आणि रडूही. "तुम्ही सांगता ना. मला अडून निघायची सवयच न्हाई."

सिंधुने जिन्याचा कठडा धरला.

"आता सराव घ्यायचा तर एकच करा," ऋतुजा म्हणाली. "मी अडले तर सांगू नका. कितीबी वेळ लागू द्या."

अनंतरावांनीही तेच सांगितलं, जरा कमी प्रेमाने. तुम्ही पोरांना कडेवर घेऊन चालवता, ते म्हणाले. तिकडे कोण घेणारे कडेवर?

सकाळच्या रिकाम्या वर्गात दोघी समोरासमोर बसल्या. पहिले काही दिवस सिंधुला जमलं नाही. ऋतुजा थबकली की शब्द निसटून जाई. एकदा तिने तोंडावर हात धरला, तरी बोटांमधून आला. ऋतुजा हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्यापेक्षा माझा लहान भाऊ बरा, त्याला येतच न्हाई म्हणून तरी गप बसतो."

सिंधुने पदर नीट केला. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. लातूरला आली नसतीस तर काय झालं असतं? साधा प्रश्न. पण उत्तरात न घडलेलं भूतकाळात घालून सांगायचं होतं, आणि त्या भाषेत न घडलेल्याला स्वतःची रूपं आहेत.

"से नोन फोस्सी व्हेनूता आ लातूर," ऋतुजा म्हणाली. मी लातूरला आले नसते तर. मग "सारेई," म्हणाली आणि थांबली. मी जळकोटलाच राहिले असते, यातलं 'राहिले' एवढंच उरलं होतं.

ती भिंतीकडे बघू लागली.

सिंधुने दोन्ही हात मांडीखाली दाबले. खाली कुठल्या तरी वर्गात खडू वाजत होता, तोही थांबला. ऋतुजाचे ओठ हलत नव्हते. डोळे हलत नव्हते. ती श्वास घेते का, तेही दिसेना. शब्द जिभेवर होता. तिने तो चावून धरला. आता ही बोलणार नाही, तिला वाटलं. ही गेली. किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

"रिमानूता," ऋतुजा म्हणाली. मग मान हलवली. "न्हाई. रिमास्ता. सारेई रिमास्ता आ जळकोट."

आणि हसली.

"बघा, आलं की," ती म्हणाली. "येतच होतं मॅडम. फक्त आतून यायला वेळ लागला."

सिंधु उठली आणि वर्गाबाहेर गेली. ऋतुजाला वाटलं, मॅडमना आनंद झाला.

सिंधु त्याच दुपारी गावी गेली. गाव आता दुसऱ्या जागी आहे, सरळ रस्त्यांचं. गुंडप्पाला सरकारी घर मिळालं, त्यात सोयाबीनची पोती आहेत. तो आणि त्याची बायको पंचफुला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. पक्क्या छताखाली त्याला अजून झोप येत नाही.

त्याने तिला लगेच ओळखलं. व्यंकटीची पोरगी, म्हणाला. पंचफुलाने चहा टाकला. सिंधुने आडवळण घेतलं नाही.

"काका, हरिओमला काढलं तवा तो... कसा होता?"

म्हाताऱ्याने पायाची बोटं चोळली. बराच वेळ चोळली.

"अंग ऊन व्हतं," तो म्हणाला.

पंचफुलाने चुलीपासून मान वळवली.

"पर दगडं बी ऊन व्हती, पोरी. दिसभर तापलेली. त्यातून काय कळणार?" त्याने हात पुसले. "मी हाक मारली व्हती. तिकडं शिवमूर्तीची माय वरडत व्हती. जो वरडंल त्याच्याकडं पळायचं, एवढंच सुचत व्हतं."

"मी म्हटलं होतं, बोलत न्हाई म्हणून."

"हाव. म्हटलीस."

"शिवमूर्तीची आई वाचली?"

"वाचली की. मागल्या साली गेली. नातवंडं बघून गेली."

चहा झाला. पंचफुला राहा म्हणाली. शेवटची एस्टी होती, सिंधु निघाली.

ऋतुजा पास झाली. क्लासच्या दारात तिचा मोठा फोटो लागला, वडील पेढे घेऊन आले. सिंधु फोटोत तिच्या शेजारी उभी आहे, चेहरा नीट आला नाही.

आता ती वर्गात सांगत नाही. मूल अडलं की थांबते. अनंतराव खूश आहेत. मुलं थोडी घाबरतात, कारण ती फार थांबते. परवा नांदेडला भार्गवी नावाची नवी मुलगी अडली. मॅडम, मला खरंच येत नाही, म्हणाली. तास संपला. बाकीची मुलं दप्तरं उचलून गेली, पुढच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, सांगा की," भार्गवी म्हणाली.

"येईल," सिंधु म्हणाली. "मी आहे इथंच. तू सावकाश आठव."

आणि तिने दारातल्या मुलांना हाताने खूण केली, आवाज करू नका.